कागद ओके, जरा गाडी बघून द्या

गॅरेजमध्ये जळकं ऑइल आणि किस्से, दोन्ही साठत जातात. ऑइल न्यायला निदान एक माणूस ड्रम घेऊन येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही, म्हणून मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत बसते.

बोईसर-तारापूर रस्त्यावर आमचं गॅरेज आहे. इंजिन आमचे हे बघतात, डेंटिंग-पेंटिंग शकीलभाई करतात आणि पुढे स्पेअर पार्टच्या काउंटरवर मी. माहेर मुरबे, कोळ्यांचं गाव, त्यामुळे आवाज मोठा! जुनी गाडी घेणारा माणूस आमच्याकडे कधी येतो? घेऊन झाल्यावर! पेढ्यांचा बॉक्स काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "वहिनी, कागद ओके आहेत, जरा गाडी बघून द्या." अरे, लग्न लागल्यावर पत्रिका दाखवायची ही कुठली रीत?

यंदा हा विषय माझ्याच घरात निघाला. माझा धाकटा भाऊ हेमंत. कंपनीतलं कंत्राटी काम सुटलं, तेव्हा त्याने ठरवलं की जुनी व्हॅन घ्यायची आणि मुरब्याच्या बायकांना मासळीच्या टोपल्यांसकट बोईसरच्या बाजारात आणायचं. त्यातली पहिली सवारी कोण? आमची आई! गाडी चांगली निघो की वाईट, आधी तीच बसणार. म्हणून हेमंत गाडी बघायला निघाला की मी त्याला एक किस्सा ऐकवायचे. तो वैतागायचा. वैतागू दे.

०००

पहिला ऐकवला तो लक्ष्मणचा. लक्ष्मण डोंगराकडच्या गावातला, जुन्या टेम्पोतून माणसं वीटभट्टीवर पोचवायचा. टेम्पोचं पासिंग करावं लागतं, म्हणजे साहेब गाडी तपासणार आणि चालवायला लायक आहे असं लिहून देणार. आता आमच्या शेजारी एक टायरवाला आहे. त्याच्याकडे चार बरे टायर फक्त पासिंगसाठी ठेवलेले. सकाळी भाड्याने चढवायचे, साहेबांना दाखवायचे, संध्याकाळी उतरवायचे. त्या टायरांनी जेवढ्या परीक्षा पास केल्या तेवढ्या आमच्या अख्ख्या खानदानात कोणी केल्या नाहीत!

लक्ष्मणची गाडी पास झाली. त्याच आठवड्यात घाटाच्या वळणावर त्याचा स्वतःचा गुळगुळीत टायर घसरला आणि टेम्पो उलटला. मागची माणसं हातपाय मोडून का होईना, वाचली. लक्ष्मण गेला.

दिवसकार्य उरकल्यावर त्याची बायको टेम्पो विकायला आमच्याकडे आली. पासिंगचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला. ह्यांना हळूच म्हणाली, "दादा, ते चांगलं टायर भेटतील का? एका दिसापुरतं. गिऱ्हाइकाला दाखवाया."

हेमंतने हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, मी टेम्पो नाय घेत. व्हॅन घेतोय."

०००

मग सफाळ्याच्या काकांचा. रिटायर झाल्या झाल्या त्यांनी गाडी घेतली. विकणाऱ्याने सांगितलं, "डॉक्टरची गाडी आहे, घर ते दवाखाना एवढीच चालली." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच सटकतं. आपल्या पालघरात जेवढ्या गाड्या डॉक्टरच्या म्हणून विकल्या गेल्या तेवढे डॉक्टर असते, तर साध्या ऑपरेशनला पेशंट घेऊन मुंबईला कशाला पळावं लागलं असतं?

ह्यांनी काकांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "बेल्ट पूर्ण ओढा, शेवटपर्यंत." काकांनी ओढला. बेल्टाचा शेवटचा वीतभर भाग चिखलाने कडक झालेला! गाडी गळ्यापर्यंत पुरात उभी होती. बाकी सगळं विकणाऱ्याने धुऊन पुसून लख्ख केलं होतं. पण आपल्याकडे बेल्ट लावतो कोण? म्हणून तो साफ करायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.

काकांनी बेल्ट हळूच परत आत जाऊ दिला. मग म्हणाले, "घरी सांगू नका. हिने पूजा केलीय गाडीची."

०००

लोक मला विचारतात, वहिनी, तुमची स्वतःची कोणती गाडी? आमच्याकडे स्कूटर आहे. ज्याला आतलं सगळं ठाऊक, तो जुनी चारचाकी घेतो होय!

०००

तिसरा किस्सा मी हेमंतला सांगणार नव्हते, पण सांगितला. तारापूरचं एक नवीन जोडपं. सर्व्हिसची सगळी बिलं आहेत, ॲक्सिडेंट नाही, अशी खात्री करून गाडी घेतलेली. शिकली-सवरलेली मुलं, सगळं विचारून, वाचून घेतलं होतं. आमच्याकडे आली ती फक्त सीट कव्हर बदलायला.

शकीलभाईंनी मागची सीट उचलली. खालच्या फटीत काचेचे बारीक तुकडे. मुलगा म्हणाला, "पुढची काच बदलली असेल कधीतरी." शकीलभाईंनी एक तुकडा उजेडात धरला. हिरवा होता. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाभी, ये गाडी का काच नहीं है. चूडी का है."

ती पोरगी स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली. मुलाने तिथूनच विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "कागदात आहे का ॲक्सिडेंट? नाही ना? मग झालाच नाही!"

कागदात खरंच नव्हता. जवळचा सगळा पैसा त्या गाडीत घातलेला, परत करायची सोय नव्हती. त्यांनी कव्हरं बसवून घेतली. ती मुलगी मागच्या सीटवर अजून बसत नाही.

०००

इतकं ऐकून हेमंतने काय केलं? व्हॅन पसंत केली! फरक एवढाच की घ्यायच्या आधी आमच्याकडे आणली. विकणारा दलालही सोबत. पांढरी चकचकीत व्हॅन, मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात 'आईचा आशीर्वाद'.

"ताई, बग, आईच लिवलीय मागं!" हेमंत म्हणाला.

पासिंग ताजं. इन्शुरन्स चालू. धुराचं सर्टिफिकेट आहे, जुनी बिलं आहेत. ह्यांनी इंजिन ऐकलं, ब्रेक मारून बघितले. ठीक. हेमंत माझ्याकडे बघून हसायला लागला, की आता बोल! मीही दार उघडून आत डोकं घातलं. म्हटलं, बरी आहे की.

तेवढ्यात शकीलभाई नाकाला रुमाल लावून आले. "भाभी, तुम लोगों को बास नहीं आता?"

कसली बास? आम्हा दोघा भावंडांना काहीच येत नव्हती. जन्मल्यापासून नाकात तोच वास, वेगळा कळणार कसा! त्या व्हॅनने वर्षानुवर्षं बर्फातली मासळी वाहिली होती. खारं पाणी रोज तळाला मुरलेलं. शकीलभाईंनी मॅट उचललं, खाली नवाकोरा काळा रंग. पुढच्या सीटच्या मागे त्यांनी स्क्रू ड्रायव्हर नुसता टेकवला. मुठीपर्यंत आत गेला! काढला तर त्या भोकातून आमच्या गॅरेजची फरशी दिसत होती. वरून कीर्तन, आतून तमाशा.

हे दलालाला म्हणाले, "सगळा पत्रा कापून नवा घाल. तोवर ह्यात माणूस बसवू नको." तो "हो हो साहेब" म्हणाला, मॅट परत अंथरलं आणि गाडी घेऊन गेला.

हेमंत माझ्यावर भडकला. "सगल्याच गाड्यांत खोट काढतेस. आता मी करू काय? आईची टोपली डोक्यावर घेऊन धावू?" किती दिवस बोलला नाही माझ्याशी. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू? बेकार बसलेला भाऊ बघवत नाही. पण मनात म्हटलं, रुसवा काय, निघतो. आईच्या जिवावर बेतलं असतं ते टळलं.

०००

परवा बाजार आटोपून आई दुकानात आली. टोपली रिकामी, स्वारी खुशीत. मी चहा दिला.

"बाय, हेमंतला सांग," आई म्हणाली, "गाडी घेयाची तर शेजारच्या गावच्या पोराने आनलीय तशी घे. आमी सगल्या तिच्यातनंच येतो रोज. आठ जनी बसतो, टोपल्या वेगल्या."

"कसली गाडी?"

"पांढरी. मागं आईचा आशीर्वाद लिवलंय."

आतली ठोकाठोक थांबली. हे हात पुसत बाहेर आले, मागोमाग शकीलभाई.

"आई, पायाखाली बघितलंस का कधी?"

"बगितलं तर! एक भोक हाय. आधी बोटाएवढं होतं, आता मूठ जाते. बर्फाचं सगलं पानी खाली रस्त्यावर जातं, लुगडं भिजत नाय. कोनाचं डोकं हाय देव जाने!" मग ह्यांच्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, "जावई, हेमंतची गाडी आली का तिला पन तुमी असंच भोक पाडून द्या."