मशीनच्या पोटातलं मशीन

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. सगळं सुरळीत असलं की आपल्याला कोणी हाकच मारत नाही! वर्ध्यातल्या आमच्या छोट्या संस्थेत कोलामी या आदिवासी भाषेतलं बोलणं रेकॉर्ड करून जपतात. सर्व्हरच्या खोलीत मी आणि प्रमोदभाऊ, दोघंच.

*

जुना सर्व्हर धापा टाकू लागला, तेव्हा भाऊंनी त्याची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढून ठेवली. नव्या कॉम्प्युटरच्या आत जुना जसाच्या तसा चालवायचा. व्हर्च्युअल मशीन! अध्यक्षांनी विचारलं, "हे काय असते गा?"

"मशीनच्या पोटात मशीन, साहेब."

"मंग बाळंतपण कधी?"

"सर्व्हर मेल्यावर!"

*

सर्व्हर मेला, तेव्हा भाऊ नागपूरला दवाखान्यात होते. घशाचा कॅन्सर. ऑपरेशनमध्ये आवाज गेला.

मी इमेज चालू केली. काळा स्क्रीन आणि लुकलुकणारी एक पांढरी रेघ. पुढे काहीच नाही. झाडू मारणाऱ्या शांताबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"बिचाऱ्याले काई तरी सांगाचं हाय," त्या म्हणाल्या, "पन आठवून नाई राह्यलं."

*

सुगंधा जाम गावच्या चौकात भाजी विकते. तिच्या आईचं कोलामी बोलणं भाऊंनीच रेकॉर्ड केलं होतं, आणि ते त्या इमेजमध्येच अडकलेलं. आई वारल्यावर सुगंधा बसने आली. "मायचा आवाज ऐकाचा हाय."

मी म्हटलं, मशीन उठत नाही. ती पुढच्या सोमवारी आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी माझ्यासाठी वांगी!

तिसऱ्या खेपेला म्हणाली, "घरी तिचा फोटो बी नाई, दादा."

ती वांगी मला घरी नेववली नाहीत.

*

शेवटी दवाखाना गाठला. वहिनींनी दारातच सांगितलं, "मशीनचंच बोलजा. तब्येतीचं विचारलं का ते भिंतीकडे तोंड करते."

मी स्क्रीनचा फोटो दाखवला. भाऊंनी पाटीवर लिहिलं, "नवं मशीन नव्या पद्धतीनं बूट करून राह्यलं. आतली सिस्टम जुनी हाय. सेटिंगमध्ये पद्धत जुनी कर."

"बस, एवढंच?"

त्यांनी पाटी पुसली. "खेड्यातल्या म्हाताऱ्याले इंग्रजीत हाका मारशीन, तर तो उठन काय?"

वहिनी खळखळून हसल्या. मग बाहेर जाऊन बराच वेळ आल्याच नाहीत.

*

दुसऱ्या दिवशी सेटिंग बदललं, आणि इमेज उठली! मी आनंदाने वहिनींना फोन लावला. "भाऊंना सांगा, चालू झालं!"



"ते सकाळीच गेले, भाऊजी. आत्ताच घरी आनलं." मग म्हणाल्या, "थांबा. कानात सांगतो त्यांच्या."

*

तेरवी झाल्यावर सुगंधाला बोलावलं. हेडफोन तिला नको होता. मी स्पीकर लावला.

आधी भाऊंचाच आवाज आला. "आजी, विस्तवाले कोलामीत काय म्हनता?" माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. सुगंधाच्या आईने शब्द सांगितला. भाऊंनी पुढचा विचारला. तेवढ्यात कुठे तरी बकरी ओरडली, आणि आईने माईक विसरून मोठ्यांदा हाक मारली, "सुगंधा!"

रेकॉर्डिंगमध्ये कोणीच ओ दिली नाही.

"सुगंधा!" या वेळी जरा चिडून.

खुर्चीतली सुगंधा ताडकन उभी राहिली. "ओ!"

मी माऊसकडे हात नेला. "थांबवू का?"

"नोको," ती म्हणाली. "माय बोलून राह्यली ना."