एमसीबी आहे की!

बावीस वर्षं ती लोकांच्या घरांतल्या वायरी ओढतेय आणि बावीस वर्षं एकच वाक्य ऐकतेय. "ताई, एमसीबी आहे की, अजून काय हवं?" हे ऐकलं की वायरमनताईचं डोकंच फिरतं. अहो, फ्यूज काय नि एमसीबी काय, दोन्ही वायरच वाचवतात! भार वाढला की फ्यूजची तार वितळते, एमसीबीचा खटका पडतो. तार नवी घालावी लागते, खटका नुसता वर करायचा, एवढाच काय तो फरक. माणूस वाचवायला वेगळं यंत्र लागतं, ईएलसीबी. वीज कुणाच्या अंगातून जमिनीत जायला लागली की ते तिथल्या तिथे लाइन तोडतं. माणसाला मारायला पुरेल एवढ्या विजेची एमसीबीला खबरही लागत नाही.

हे तिनं शेकडो परक्यांच्या गळी उतरवलं. सख्ख्या धाकट्या भावापुढे मात्र हात टेकले.

त्याच्या घरी ईएलसीबी तिनंच बसवलं होतं. त्या दिवशी सहज डोकावली, तर भावजय म्हणाली, "ताई, गिझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात हो." ताईनं बोर्ड उघडला. ईएलसीबी गायब! वायरी सरळ जोडून वर चिकटपट्टी मारलेली.

"रोज सकाळी पडायचं," भाऊ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "नुसता वैताग. दिलं काढून. एमसीबी आहे की!"

"अरे दीडशहाण्या, गिझर बिघडलाय हे बोंबलून सांगत होतं ते! तू त्याचंच तोंड दाबलंस?" ताईचा आवाज चढला. "पोरीला आंघोळ कोण घालतं रे? ही! ओल्या हातांनी!"

"उगाच राईचा पर्वत करू नकोस. मीपण तिथंच आंघोळ करतो ना? मला झालं का काही?"

"तुम्हाला कसं होईल?" भावजय बोलून गेली आणि मध्येच अडखळली. "महिनाभर रबरी चपला घालूनच तर आंघोळ करताय. विचारलं तर म्हणालात, फरशी गार लागते."

भावाचं मोबाइलवरचं बोट थांबलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," भावजय हळूच म्हणाली.

ताईनं मेन स्विच बंद केला. भावाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"पोरीचे कपडे भर," ती भावजयीला म्हणाली. "आणि तुझेही."