मामांच्या मोकळ्या कोंबड्या

सकाळी खुराड्याची फळी सारली की मामा दोन पावलं मागं व्हायचे आणि बड्या असामीला वाट द्यावी तसा हात पुढं करायचे. "चला सरकार, मर्जी तुमची!" मग एकेक कोंबडी फडफडत अंगणात उतरायची.

सेलूला ते आमचे शेजारी. निजामाच्या करोडगिरीत, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, शिपाई होते. उभी हयात लोकांची गाठोडी सोडून पाहण्यात गेली. पेन्शनीत निघाल्यावर कोंबड्या पाळल्या. एका खापरात ज्वारी, दुसऱ्यात कोंडा, तिसऱ्यात कुटलेली चुनखडी ठेवायचे. बाकी उकिरडा होताच. "लय झडत्या घेतल्या, सूनबाई. आता कुनाच्या तोंडाला आडवं जायचं न्हाई."

तुम्ही निवांत बसून कोंबड्या कधी पाहिल्यात? मी मामांमुळे पाहायला लागले. पिल्लं दाणा सोडून वाळवीमागे पळायची. अंड्यावर आलेली तांबडी तर चुनखडीही सोडून आमच्या भिंतीचा चुना टोचायची. मी भांडायलाच गेले.

"मामा, तुमची कोंबडी माझं घर खायलीय!"

"आवडलं आसंल तिला," ते गंभीरपणे म्हणाले. दुपारी स्वतःच चुन्याचं मडकं घेऊन भिंत रंगवायला आले. तांबडी मागे उभी राहून ताजा माल तपासत होती.

त्यांची लेक ताडकळसहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली. लेकीला आई नव्हती, म्हणून गल्लीतल्या आम्ही बायाच राबत होतो. त्यात आमच्यातल्या थोरल्या काकूंचं पथ्य कडक: तुपातला शिरा, मेथीचे लाडू, दुसरं काही नाही. लेक घास तोंडात घोळवायची आणि थुंकायची. सुकत चालली. दूध आटलं. बाळ आधी रडायचं, मग रडेनासं झालं.

मामा खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "तिला काय खावं वाटायलंय, इचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनीच विचारलं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "अंबाडीची भाजी. अन् ज्वारीची भाकर."

"आंबट? बाळंतिणीला?" काकू कडाडल्या. "पोरीला मारता का?"

"वैनी, न खाता मरायलीच की ती." मामा म्हणाले आणि चुलीकडं वळले.

भाकर मी थापली. भाजी त्यांनीच शिजवली, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. लेक जेवली. जेवता जेवता रडली आणि आणखी भाकर मागितली. मामा मात्र दिवे लागेपर्यंत ओट्यावर बसून, आतून येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे घाबरून पाहत होते. काही वाईट झालं नाही. हळूहळू दूध आलं, बाळ पुन्हा घर डोक्यावर घ्यायला लागलं. काकूही अंबाडी निवडून आणून द्यायला लागल्या.

पुढं रझाकारांची गडबड वाढली. बापाला एकटं ठेवायला लेक तयार होईना. ती सासरहून न्यायला आली. मामा कोंबड्या डालग्यात घालून तिच्याबरोबर ताडकळसला गेले. तिथंच वारले. पुन्हा भेट झाली नाही.

ते निघाले त्या दिवशी मी बैलगाडीपाशी गेले होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण मांडीवरल्या नातीनं दोन्ही मुठींत त्यांच्या मिशा धरल्या होत्या. "सोड गं माय, सोड," म्हणत होते, आणि सोडवून काही घेत नव्हते. गाडी वळणाआड गेली तेव्हाही त्यांची मान तशीच वाकलेली होती.