शिवेवरच्या मूर्तीची डावी बाजू

चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी आमच्या गावच्या शिवेवरच्या मूर्तीची डावी छाती पाथरवटाने छिन्नीने सपाट केली. गाव रोहण्याजवळ आहे. मी पोचलो तेव्हा ओट्यावर दगडाची भुकटी पडली होती.

माघापर्यंत ती मूर्ती शेंदराखाली होती. गाव तिला माय म्हणे. माझी मोठी आई, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, दर नवरात्रात आमच्या भाजीच्या वावरातून जाऊन तिची ओटी भरायची. मोठे वडील वारल्यावर गावातल्या देवळात तिने ओटी भरलेली बायकांना चालेना. शिवेवर अडवणारं कुणी नव्हतं. तिला तेवढी एकच ओटी उरली होती.

माघात शेंदराचं कवच निखळून पडलं. आत उजवीकडे जटा, सापाचं कुंडल, त्रिशूळ. डावीकडे विंचरलेले केस, गोल कर्णफूल, हातात आरसा, एक स्तन. मंदिर समितीने विचारलं, म्हणून मी सांगितलं : हा अर्धनारीश्वर. उजवं अंग शंकराचं, डावं पार्वतीचं. एकावाचून दुसरं पुरं नाही, असा त्या घडणीचा अर्थ. समितीने देवाचं नाव महादेव ठरवलं.

बैठक आमच्याच अंगणात झाली.

"महादेवाची ओटी भरते काय कोणी, वैनी?" अध्यक्षांनी मोठ्या आईला विचारलं.

"मी अर्ध्याचीच भरतो न, भाऊजी. बाकीच्या अर्ध्याले म्हना, तिकडं तोंड करून बसजो."

लोक हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

छिन्नी चालवल्याचं कळल्यावर मी दोघांना वेगवेगळं विचारलं. अध्यक्ष म्हणाले, "एका बाजूनं सुजल्यावानी दिसे. सारखी कर म्हटलं, बस." पाथरवट म्हणाला, "मले वाटलं, दुसरी झिजली. जोड तं पाह्यजे न, भाऊ." आरसा आणि कर्णफूल त्याने तसंच ठेवलं. पुढच्या सोमवारी महादेव म्हणून पूजा झाली.

चैत्रानंतर मोठी आई तिकडे गेली नव्हती. नवरात्रात पाचव्या माळेला ती ताट घेऊन निघाली. मी सोबत होतो. मूर्तीच्या डाव्या अंगाला उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं. सपाट केलेल्या जागी दगड फिका दिसत होता. तिने तिथे तळहात ठेवला.

"चाल," ती म्हणाली.

खण, नारळ, तांदूळ त्याच ताटात घरी परत आले.