मावशींच्या अंगणातली तुटक रेघ

नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि वडील माझ्याकडे बाळकुमला राहायला आले. वय ब्याऐंशी, गुडघे कुरकुरणारे, उभं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेलं. नौपाड्यात दूध, डॉक्टर, वाचनालय, सगळं त्यांना पायी जवळ होतं. आमच्या संकुलाच्या फाटकाबाहेर मात्र थेट हमरस्ता, आणि त्यावरचे डंपर म्हातारंकोतारं बघून थांबणारे नव्हेत. पहिला महिना ते बाल्कनीत बसून होते. मला ते बघवत नव्हतं.

मग वाट त्यांनीच शोधली. संकुलाच्या मागच्या लहान दारातून उतरलं की जुनं गावठाण लागतं. तिथे एका कोळी मावशींचं कौलारू घर आहे, पुढे अंगण, आणि अंगण ओलांडलं की दोन मिनिटांवर खाडीकडचा पार. पारावर संध्याकाळी वडिलांच्या वयाची चार माणसं जमतात. तिथेच हमरस्त्याने जायचं तर वीस मिनिटं, शिवाय दोनदा रस्ता ओलांडायचा. मावशी वडिलांना मास्तर म्हणायच्या. अंगणात शिरण्याआधी वडील "मावशी, येतो हं" म्हणून आवाज द्यायचे, आतून "जा" आलं की वाळत घातलेल्या सुकटीला वळसा घालून पलीकडे. गावातलं प्रत्येक माणूस असंच जायचं. मला वाटायचं, जुन्या माणसांच्या रीती आहेत, चालायचंच.

माझं डोकं त्या दिवसांत वेगळ्याच गोष्टीवर तापलेलं होतं. फोनमध्ये आधीपासून येणारा तो मोठा नकाशा आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमागे बंद झालेल्या जुन्या फाटकाशी नेऊन उभं करायचा. मी पाच वेळा तक्रार केली. पाचही वेळा आभार मानणारं उत्तर आलं आणि फाटक होतं तिथेच राहिलं. आमच्याच दाराचा पत्ता कुठे तरी लांब बसलेली माणसं आम्हाला न विचारता ठरवतात, याचा मला मनापासून संताप यायचा.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला दुसरा नकाशा दाखवला. लोकांनी मिळून बनवलेला, कोणाच्याच मालकीचा नसलेला. चूक दिसली तर आपणच सुधारायची. त्यावर चालणारं ॲप नेट नसतानाही रस्ता दाखवायचं आणि आपण कुठे जातो याची नोंद ठेवत बसायचं नाही. मी त्या संध्याकाळी आमचं फाटक उचलून योग्य जागी ठेवलं. काही दिवसांनी ते ॲपमध्ये दिसलं, तेव्हा मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ती बघून म्हणाली, बरं झालं, आता बाल्कनीतला नळही दुरुस्त करा.

नळ राहिला. मी हात धुऊन नकाशाच्या मागे लागलो. दर रविवारी औषधांचं दुकान, पाणपोई, विहीर, पार असं एकेक भरत सुटलो. मावशींचं घरही चौकोन काढून दाखवलं. एका रविवारी वडिलांची वाट चालून नोंदवली. फोन हातात, नजर स्क्रीनवरच्या निळ्या ठिपक्यावर. घरी येऊन तुटक रेघ काढली. वाट सर्वांसाठी खुली आहे का, असा एक रकाना होता. मी बेधडक 'हो' भरलं.

वडिलांनी चष्मा लावून रेघ पाहिली. "मावशींना विचारलंस?" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, अहो बाबा, नुसती रेघ तर आहे.

महिन्याभरात त्या रेघेवरून मोटारसायकली यायला लागल्या. घरपोच सामान देणारं कुठलंसं ॲप याच नकाशावर चालत होतं. सामान पोचवणाऱ्या मुलांचा तरी काय दोष, फोन सांगेल तिकडे ती वळणार. एकाने सुकटीवरून चाक नेलं. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या तोंडाशी आडवा बांबू बांधलेला होता. वडील दहा मिनिटांत परत आले. "वाट बंद झाली," म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन बसले. पुढे एकदा हमरस्त्याने जाऊन पाहिलं त्यांनी, पण अर्ध्यातूनच रिक्षा करून परतले. त्यानंतर पाराचं नाव काढलं नाही.

रेघ पुसायला एक मिनिट लागलं. मावशींकडे जायला मला चार दिवस लागले.

मावशी ओट्यावर मासळी निवडत बसल्या होत्या. मी बांबूच्या अलीकडूनच सगळं कबूल केलं आणि हात लांब करून फोन दाखवला. त्यांनी उठून येऊन पाहिलं. आपलं घर कुठं ते विचारलं. मी चौकोनावर बोट ठेवलं.

"घर ऱ्हाव दे," त्या म्हणाल्या. "रस्ता नको."

मी माफी मागितली. वडिलांना पारावर जायला झेपेल अशी दुसरी वाट नाही, ते पुन्हा बाल्कनीत बसून असतात, हेही सांगितलं. त्या पुन्हा मासळीपाशी जाऊन बसल्या होत्या.

"मास्तर आवाज देतान," त्या म्हणाल्या. "त्या दिशी तू फोन घेऊन आलास, तवा माजी सून हितंच केस धूत व्हती. तू आवाज नाय दिलास. वर बगलास पन नाय."

खरंच मी पाहिलं नव्हतं. तिथे कोणी होतं हेच मला ठाऊक नव्हतं. तो आवाज कशासाठी द्यायचा असतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर त्या ओट्यावरून कळलं. न विचारता पत्ते ठरवणाऱ्या ज्या लोकांना मी वर्षभर शिव्या घालत होतो, त्यांच्याच पंगतीत मी जाऊन बसलो होतो. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"मास्तरना येव दे," शेवटी त्या म्हणाल्या. "तू रस्त्यानं फिरून ये."

आता संध्याकाळी मी वडिलांना बांबूपर्यंत सोडतो. ते बांबू सरकवतात, "मावशी, येतो हं" म्हणतात. मी अलीकडे उभा राहतो. आतून "जा" ऐकू आलं की मी मागे वळतो आणि हमरस्त्याने पाराकडे निघतो. वीस मिनिटं लागतात.