सुधाकाकूंचा एक दिवस

सुधाकाकू कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवर बोटांनी टकटक करायच्या. अमेरिकेत, ट्रॉयमधल्या आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा चपला काढायच्या आधीच त्यांनी हॉलची भिंत वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "पोकळ आहे गं बाई. खिळा विचार करून ठोकत जा." अमरावतीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. आता आमच्या शेजारी, मुलाकडे, निखिलकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. निखिल आणि त्याची बायको ऋचा सगळ्यांना सांगत, आई फिरायला आलीय. खरं म्हणजे त्यांची मुलगी चार महिन्यांची होती आणि ऋचाची रजा संपली होती.

दुपारी नातीला स्ट्रोलरमध्ये घालून काकू माझ्याकडे यायच्या. माझ्या लेकीला चित्र शिकवायच्या. "रेघ ओढताना हात उचलू नको. घाबरलेली रेघ लगेच ओळखू येते." लेकीने चुकलेलं झाकायला खोडरबर घेतला की तो काढून घ्यायच्या. "चुकलं तर चुकलं म्हणायचं. घासून घासून कागद काळा होतो फक्त."

शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत आमची दोन्ही कुटुंबं मिळून फ्लोरिडाला निघाली. चार दिवस मुलांसाठी, राइड्सचे. काकूंनी एक दिवस मागून घेतला होता. स्पॅनिश लोकांनी समुद्रकाठी वसवलेलं सेंट ऑगस्टिन त्यांना पाहायचं होतं. लायब्ररीतून मी आणलेलं पुस्तक त्यांनी महिनाभर परत करू दिलं नव्हतं. "शिंपल्यांच्या दगडाचा किल्ला आहे गं. तोफेचा गोळा लागला तरी भिंत फुटत नाही, गोळाच आत रुतून बसतो म्हणे. मला ती भिंत पाहायची आहे."

"डन, आई. फुल डे तुझा," निखिल म्हणाला होता. मी समोर होते.

त्या दिवशी आम्ही उशिरा निघालो, वाटेत ऋचाला आउटलेट मॉल दिसला आणि शहरात पोचेपर्यंत दुपार झाली. जुन्या वेशीचे दोन खांब ओलांडून आम्ही अरुंद गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी लाकडी सज्जे पुढे झुकलेले. स्ट्रोलर अर्थातच काकूंच्या हातात. त्या मान वर करून सज्जे पाहत चालल्या होत्या.

"आई, समोर बघा ना, चाक अडकेल," ऋचा म्हणाली.

काकूंनी मान खाली केली.

किल्ल्यात वरच्या तटावर जायला पायऱ्या होत्या. निखिल दारातच म्हणाला, "आई, स्ट्रोलर वर जाणार नाही. तू बाहेर बस हिला घेऊन, आम्ही पटकन जाऊन येतो. मग तू जा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "हो काकू, आलोच आम्ही."

वर आम्ही दीड तास होतो. तोफा, फोटो, पुन्हा फोटो. तटावरून खाली पाहिलं तर समुद्राकडच्या कठड्यावर काकू बसल्या होत्या. स्वतः उन्हात, ओढणीची सावली नातीवर धरून. मला निखिलचा संताप आला. संताप आला आणि तरी मी त्याच्या सेल्फीत हसले.

खाली आलो तेव्हा आत सोडायची वेळ संपली होती.

"ओह, सॉरी आई. पण फोटो खूप काढलेत, गाडीत दाखवतो."

"फोटो तर मी अमरावतीतही पाहून राहिली होती," काकू म्हणाल्या. त्यांनी नात त्याच्या हातात दिली, बाहेरच्या भिंतीपाशी गेल्या, शिंपल्यांवरून तळवा फिरवला. मग समोरच्या गवतावर बसून पर्समधून चित्राची वही काढली.

"आई, ट्रॅफिक लागेल यार!"

"लागू दे. दिवस माझा आहे ना? तो अजून मावळला नाही."

निखिल पाय आपटत गाडीकडे गेला. बाकीचेही गेले. मी काकूंजवळ बसले.

"काकू, मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "बोलायला हवं होतं." एवढंच. मला हलकं वाटावं म्हणून पुढे एक शब्द नाही. दोनदा फोन वाजला, त्यांनी पाहिलासुद्धा नाही. चारही बुरूज काढून झाल्यावरच त्या उठल्या.

तिकीट बदलून त्या दीड महिना आधीच परत गेल्या. पुढे निखिलला दुसरं मूल व्हायचं होतं तेव्हा त्याने फोन केला. काकूंनी सांगितलं, "कामासाठी येणार नाही. पाहुणी म्हणून बोलावशील तेव्हा येईन." तसं कुणी बोलावलं नाही. गेल्या वर्षी अमरावतीतच त्या गेल्या, झोपेत.

निखिलने घरी शोकसभा ठेवली. फोटोला हार घातला आणि म्हणाला, "आईला फिरायची फार आवड. तिला सेंट ऑगस्टिनचा किल्ला पाहायचा होता. निदान तेवढी इच्छा आम्ही पूर्ण केली, याचं समाधान आहे."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्याने माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं.

"नाही केलीस, निखिल. किल्ला तू पाहिलास. त्या बाहेर उन्हात तुझी मुलगी सांभाळत बसल्या होत्या. आपण वर फोटो काढत होतो. मीसुद्धा."

ऋचा उठून आत गेली. आता निखिल ड्राइव्हवेत दिसला तरी मान फिरवतो. फिरवू दे. भर सभेत जे बोलले, ते मी किल्ल्याच्या दारात बोलले असते तर काकू वर जाऊन आल्या असत्या.