पाठ फिरवून बसलेला राघू

शहापुरातल्या शामूकाकांना कुणी चित्रकार म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "चित्रकार कसला रं? काठ काढणारा मी," म्हणायचे. आणि खरंच, या माणसानं उभी हयात साड्यांचे काठ आणि पदर कागदावर काढण्यात घालवली. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा, एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि कागद मागावर पाठवायचा. कुयऱ्या, मोर, राघू, रथ. त्यात एक गोम होती. त्यांच्या गल्लीतल्या मागांवर साडी पालथी विणायचे, सुलटी बाजू खाली. त्यामुळं साडीवरचा राघू उजवीकडं बघायला हवा असेल, तर कागदावर तो डावीकडं बघणारा काढायचा. सोळाव्या वर्षापासून हे करून करून त्यांच्या हातात ते इतकं मुरलं होतं, की विचार करायची गरजच उरली नव्हती.

हीच सवय त्यांना एकदा नडली, आणि अशी नडली की छत्तीस वर्षं पुरली.

झालं असं, की निपाणीचे आण्णासाहेब एके दिवशी त्यांच्या दारात आले. घरचा धंदा तंबाखूचा, पण या गृहस्थांना नाद चित्रकथांचा! 'राघू चित्रकथा' नावानं पोरांसाठी पातळ पुस्तकं काढायचं त्यांच्या मनानं घेतलेलं. पहिल्या पुस्तकात कुस्ती सोडून चोर धरत फिरणारा एक पैलवान होता. "शामू, पुस्तकावर शिक्का पायजे बघ," ते म्हणाले. "डाव्या कोपऱ्यात राघू, आणि त्यानं पुस्तकाच्या नावाकडं बघायला पायजे."

शामूकाकांनी एका बैठकीत राघू काढून दिला. तीन हजार मुखपृष्ठं छापून आली आणि बघतात तर काय! राघू नावाकडं पाठ करून पुस्तकाबाहेर बघत बसलेला! हातानं सवयीनं उलटा काढला होता, आणि छापखाना काही माग नव्हे. वर शेपटीला ग्राफच्या चौकोनांच्या पायऱ्या, त्या वेगळ्याच. आण्णासाहेब मोठ्या मनाचे, ते हसत सुटले. "असू दे की रं. रुसलाय म्हणायचं." पहिल्या पानावर त्यांनी 'शिक्का : शामू, शहापूर' असंही छापलं होतं. ते वाचून तर शामूकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं स्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात ती पुस्तकं टांगलेली दिसली, की ते दुसऱ्या बाजूनं जायचे.

आण्णासाहेब गेले, त्यांची लेक राजश्री कारभार बघायला लागली. गेल्या वर्षी ती स्वतः शहापुरात आली आणि म्हणाली, "काका, शिक्का नवा करायचाय. तुम्हीच काढा." शामूकाकांना काय आनंद झाला म्हणून सांगू! गल्लीतला शेवटचा माग बंद होऊन वर्षं लोटली होती, हात कापत होता, तरी तीन महिने हा माणूस पांढऱ्या कागदावर राघू घोटत बसला. अखेर नावाकडं बघणारा, गोल शेपटीचा, देखणा राघू उतरला. "माझं नाव तेवढं घालू नको गं," त्यांनी बजावलं. "लोकांनी राघू बघावा." मनात मात्र एकच होतं : डोळे मिटायच्या आत चूक दुरुस्त झाली.

रविवारी राजश्रीनं नवा शिक्का वाचकांच्या फेसबुक गटावर टाकला आणि नुसता गदारोळ उडाला. शामूकाकांची सून नीलम मच्छे गावातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. सोमवारी ती घरी आली ती मोबाईल लपवतच.

"वाच की," शामूकाका म्हणाले.

"नको मामा. लोकांस्नी काय, तोंड हाय म्हणून बोलत्यात."

"वाच म्हणतो न्हवं!"

मग तिनं वाचलं. हा राघू आहे की साबणाची जाहिरात? शेपटीच्या पायऱ्या कुठं गेल्या? ज्यानं हे काढलंय त्यानं जन्मात राघू बघितलेला दिसत नाही. यावर शामूकाका हसले. पण पुढच्या वाक्यावर त्यांचं हसू मावळलं. कुणीतरी लिहिलं होतं, 'शहापूरच्या जुन्या कारागिराचा हात पुसून टाकताना लाज कशी वाटली न्हाय? शामू आज असता तर रडला असता.'

"अगं, मी हाय की!" शामूकाका म्हणाले, आणि त्यांना खरोखरच रडू आलं.

संध्याकाळी राजश्रीचा फोन आला. "काका, गुरुवारी मुखपृष्ठ छापायला जातंय. तुम्ही सांगाल तोच शिक्का. हा तुम्हीच काढलाय म्हणून सांगू काय? सगळी गप बसतील."

शामूकाकांच्या तोंडावर 'व्हय' आलंच होतं. एवढ्या वर्षांचा सल, एका शब्दात निघाला असता. पण चूल आवरता आवरता त्यांच्या बायकोनं, मालुबाईंनी ऐकलं होतं. "गप बसतील हो," त्या म्हणाल्या. "पण आवडंल व्हय त्यांस्नी?"

या बाईचं हे असंच. शामूकाका लई चिडले, जेवले नाहीत. मंगळवारी सकाळी मात्र त्यांनी नीलमला समोर बसवलं आणि सगळं खरं त्या गटावर लिहायला सांगितलं. मागाची सवय, उलटा राघू, पायऱ्यांची शेपटी. 'ती कला न्हवती, चूक हुती. नवा राघूबी मीच काढलाय. चूक मिटवायची हुती, म्हणून काढला. माफी असावी.'

दुपारी नीलमचा कारखान्यातून फोन आला. बरंच काही आलं होतं, पण तिनं एकच वाचून दाखवलं. लिहिणारा कोगनोळीचा कुणी अतुल होता.

'काका, आमचं घर हायवेला, नाक्यापाशी. बाबा ट्रकवर असायचे. कधी चार दिवसांनी यायचे, कधी पंधरा. मी दारात पुस्तक घेऊन बसायचो, रस्त्याकडं बघत. राघूबी तिकडंच बघायचा. बाबांची वाट बघायला माझ्यासंगं दुसरं कोण न्हवतं. चूक तुमची असंल, राघू आमचा हाय.'

शामूकाकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग राजश्रीला फोन केला. "जुनाच छाप," म्हणाले.

"जुना कुठाय काका? मूळ कागद कधीच हरवला. छापलेल्यावरनं घ्यावं तर रेघा सगळ्या फुटल्यात. परत काढावा लागणार."

बुधवारी सकाळी ते बसले. पांढऱ्या कागदावर पहिला राघू उजवीकडं बघणारा आला. दुसराही तसाच. तीन महिने घोटलेला हात, दुसरीकडं वळेनाच! ठरवून डावीकडं वळवला तर राघूची मान मोडल्यासारखी दिसायला लागली. सातवा कागद त्यांनी चुरगाळून फेकला. "जमत न्हाय गं," म्हणाले, आणि हात मांडीवर टाकून बसले.

मालुबाई आत गेल्या, ट्रंक उघडली आणि तळाचा पिवळा पडलेला, कोरा ग्राफचा कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण चौकोन शाबूत. शामूकाकांनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली आणि पहिला चौकोन भरला. मग दुसरा. कापणाऱ्या हाताला चौकोनांचा आधार मिळाला. मालुबाईंनी दोनदा चहा आणला, दोन्हीदा तो गार झाला.

उन्हं कलली तेव्हा त्यांनी पेन्सिल ठेवली. मालुबाईंनी वाकून बघितलं.

"उलटा आलाय की हो."

"व्हय," शामूकाका डोळे पुसत म्हणाले. "बरोबर आलाय."